धूर जागेवर बसत नाही तेव्हा

भाऊ, जळगावच्या केळीबागेच्या शॉटवर संगणकावर बनवलेला धूर चित्रीकरणावरून सरकलेला दिसला की लगेच ट्रान्सफॉर्म नोड (चित्र हलवणारं साधन) लावू नको. एका फ्रेमला जुळेल, पुढे घसरेलच. आधी सरक कशी आहे ते बघ.

मध्यभागी बरोबर आणि कडांकडे फरक वाढत असेल, तर बहुतेक लेन्स डिस्टॉर्शन, म्हणजे लेन्समुळे चित्राला येणारा वाकडेपणा, द्यायचं राहिलंय. एफएक्स (इथे धूर) हा वाकडेपणा काढून सरळ केलेल्या प्लेटवर, म्हणजे चित्रित फुटेजवर, रेंडर होतो. मूळ प्लेटवर ठेवण्याआधी त्याच लेन्सचं डिस्टॉर्शन परत द्यावं लागतं.

धूर सगळीकडून आकसलेला वाटतो? मग ओव्हरस्कॅन तपास, म्हणजे कडांना जादा भाग ठेवून केलेला मोठा रेंडर. १९२० बाय १०८० ला १० टक्के धरले तर रेंडर २११२ बाय ११८८ येतो. न्यूक या कॉम्पोझिटिंग (चित्रं एकत्र जोडायच्या) सॉफ्टवेअरच्या रिफॉर्मॅट नोडमध्ये रिसाइझ टाइप 'नन' आणि सेंटर चालू ठेव. 'विड्थ' ठेवलंस की चित्र लहान होतं. डिस्टॉर्शन आधी, क्रॉप (मूळ मापाला कापणं) नंतर. हा क्रम उलटला तर कडा रिकाम्या पडतात.

कॅमेरा हलतानाच सरकतं, थांबला की जुळतं, तर वेळेचा घोळ आहे. एक फ्रेम मागेपुढे करून बघ. तरी थोडं उरलंच तर शटर फ्रेममध्ये कधी उघडतं ते तपास: प्लेट आणि रेंडर यांपैकी एकीकडे ते फ्रेमच्या मध्यावर, दुसरीकडे सुरुवातीपासून असेल तर १८० अंशांच्या (अर्धी फ्रेम उघड्या) शटरला पाव फ्रेमचा फरक पडतो. तो कॉम्पमध्ये (कॉम्पोझिटिंगमध्ये) ओढूनताणून बसवू नको, रेंडरच परत माग.