वक्तृत्वाचा क्लास थांबवा, फ्रेंच पुन्हा सुरू करा

नमस्कार.

तुमच्या पत्राचा सारांश आधी देतो, म्हणजे इतर पालकांनाही संदर्भ लागेल. मुलगी अकरावीला, कला शाखेत आहे. दहावीला 88 टक्के. संयुक्त राष्ट्रांतर्फे मध्यस्थी करणाऱ्या राल्फ बंच यांच्याविषयी वाचल्यापासून ती म्हणते, "मला युद्धं थांबवणाऱ्यांचं काम करायचंय." तुम्ही त्याचा अर्थ परराष्ट्र सेवा असा लावलात, यूपीएससीच्या फाउंडेशन बॅचला नाव घातलंत, अबोल आहे म्हणून वक्तृत्वाचा क्लास लावलात आणि वेळ पुरेना म्हणून तिचा फ्रेंचचा क्लास बंद केलात. आता विचारता आहात, "इतकी अबोल मुलगी राजनैतिक अधिकारी कशी होणार? तिला बोलकी कशी करू?"

तिच्या गुणांची मला काळजी नाही. पत्रातलं एक वाक्य मात्र खटकलं: "मी विषय काढला की ती ताटावरून उठते." अबोल मूल मान खाली घालून बसून राहतं. आपण काहीही बोललो तरी निर्णय बदलणार नाही, हे कळलेलं मूल उठून जातं. तुमच्या दोन पानी पत्रात तिच्या तोंडचं वाक्य एकच आहे, आणि त्यावर तुम्ही तिला एकही प्रश्न विचारलेला दिसत नाही. बंच यांचं नेमकं काय आवडलं? एवढं तरी विचारायचं होतं. "कला शाखेला हो म्हटलं ते याच अटीवर" असंही तुम्ही लिहिता. सोळा वर्षांच्या मुलीकडून लिहून घेतल्यासारखी ही अट आहे. ती आधी मागे घ्या.

बंच यांनी काय केलं ते तुम्हीही वाचायला हवं. सप्टेंबर 1948 मध्ये अरब-इस्रायल युद्धातले संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ फोल्के बर्नाडोट यांची जेरुसलेममध्ये हत्या झाली आणि ते काम बंच यांच्यावर आलं. जानेवारी 1949 मध्ये ऱ्होड्स बेटावर इजिप्त आणि इस्रायलची शिष्टमंडळं एकाच हॉटेलात उतरली. बंच यांनी सीमेचा विषय लगेच काढला नाही. आधी दोघांशी वेगवेगळं बोलून घेतलं, मग बैठकीची विषयपत्रिका आणि कार्यपद्धती अशा किरकोळ बाबींवर दोघांच्या सह्या घेतल्या. एकाच कागदावर सही करण्याची सवय व्हावी, हा हेतू. सहा आठवड्यांनी, 24 फेब्रुवारीला, युद्धविराम करार झाला. मग मार्चमध्ये लेबनॉन, एप्रिलमध्ये जॉर्डन, जुलैमध्ये सीरिया. 1950 चं शांततेचं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

यातला बराचसा भाग ऐकण्याचा आणि मसुदा लिहिण्याचा आहे. पॅलेस्टाईनमधल्या फालुजा भागात वेढल्या गेलेल्या इजिप्तच्या फौजेने नुसतं 'माघार घ्यावी' असं करारात लिहून भागलं नसतं. माघार सहीनंतर दोन दिवसांनी, ग्रीनविच वेळेनुसार पहाटे 5 वाजता सुरू होईल, असं त्यात लिहिलं आहे. वेळ मोघम ठेवली की एक बाजू उशीर झाला म्हणते, दुसरी अजून वेळ आहे म्हणते आणि मध्ये गोळी सुटते. नकाशाचंही तसंच. जेरुसलेममध्ये नोव्हेंबर 1948 च्या शेवटी इस्रायल आणि जॉर्डनच्या सेनाधिकाऱ्यांनी 1:20,000 प्रमाणाच्या नकाशावर जाड पेन्सिलीने रेघा मारल्या. रेघेची जाडी 3 ते 4 मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर 60 ते 80 मीटर. त्या जाडीत आलेली घरं कोणाची, यावर पुढे वर्षानुवर्षं तंटे चालले. असल्या चुका आधी दिसतात त्या बारकाईने वाचणाऱ्याला आणि शांत ऐकणाऱ्याला. तुमच्या मुलीच्या ज्या स्वभावावर तुम्ही औषध शोधताय, तो या कामात तिची जमेची बाजू ठरू शकतो.

आता तुमचा मोठा गैरसमज. परराष्ट्र सेवेतला अधिकारी आणि शांततेसाठी मध्यस्थी करणारा, ही दोन वेगळी कामं आहेत. अधिकारी आपल्या देशाची बाजू मांडतो आणि तीच त्याने मांडायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्याने मात्र सनदेच्या कलम 100 नुसार कोणत्याही सरकारकडून आदेश घ्यायचे नसतात, स्वतःच्या देशाच्या सरकारकडूनही नाही. एका कामातून दुसऱ्यात जाता येतं. मार्टी आहतिसारी हे आधी फिनलंडचे राजदूत होते, नंतर नामिबियाच्या स्वातंत्र्यप्रक्रियेत संयुक्त राष्ट्रांतर्फे राहिले आणि 2005 मध्ये इंडोनेशियातल्या आचेहचा शांतता करार त्यांच्या मध्यस्थीने झाला. पण बंच यांची सुरुवात विद्यापीठातून झाली. पश्चिम आफ्रिकेतल्या टोगोलँड आणि दाहोमी इथल्या फ्रेंच राजवटीवर त्यांचा 1934 चा प्रबंध होता. फ्रेंचशिवाय त्या विषयाची कागदपत्रं कशी वाचली असती? आणि तुम्ही नेमका तोच क्लास बंद केलात. गंमत अशी की यूपीएससीतून परराष्ट्र सेवेत गेलेल्या अधिकाऱ्यालाही एक परकीय भाषा शिकावीच लागते.

परीक्षांचं थोडक्यात: नागरी सेवा परीक्षेला पदवी लागते, त्यामुळे अकरावीत त्या बॅचची घाई नाही. संयुक्त राष्ट्रांच्या यंग प्रोफेशनल्स परीक्षेला पदवी, वयाची कमाल मर्यादा 32 आणि इंग्रजी किंवा फ्रेंचवर प्रभुत्व लागतं. पण त्या वर्षीच्या यादीत आपला देश असेल तरच अर्ज करता येतो, म्हणून सगळी भिस्त त्या परीक्षेवर ठेवू नका. पदवीला इतिहास, राज्यशास्त्र किंवा कायदा, आणि पुढे एखादा प्रदेश किंवा विषय खोलात. संयुक्त राष्ट्रांकडे 72 तासांत रवाना होऊ शकणारं मध्यस्थी तज्ज्ञांचं पथक आहे. त्यात कोणी युद्धबंदीचा जाणकार असतो, कोणी राज्यघटनेचा, कोणी नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा.

तुमची एक भीती मात्र खरी आहे. हे काम धोक्याचं आहे. बर्नाडोट यांचं वर आलंच. 1961 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव डाग हामरशोल्ड काँगोच्या युद्धबंदीसाठी जात असताना विमान कोसळून गेले, 2003 मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इराकमधले प्रतिनिधी सेर्जिओ व्हिएरा दी मेलो बगदादच्या स्फोटात. शिवाय घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणं आलं, आणि झालेला करार मोडतानाही बघावा लागतो: 1949 च्या त्या करारांतून कायमची शांतता आली नाहीच. हे तिच्याशी बोला, पण बंदी घालण्यासाठी म्हणून नको.

या आठवड्यात एवढं करा. 1949 चा इजिप्त-इस्रायल युद्धविराम करार संयुक्त राष्ट्रांच्या शांतता करारांच्या ऑनलाइन संग्रहात मिळेल. तिला तो वाचू द्या आणि प्रत्येक कलमापुढे चार गोष्टी लिहू द्या: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि झालं की नाही हे कोण तपासणार. जिथे रकाना रिकामा राहील तिथे काय बिघडू शकलं असतं, ते तिला विचारा. तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.