एंटर दाबण्याआधी परतीची सोय

प्रिय,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या आठवड्यापासून चाळीस सर्व्हरचे रूट (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) पासवर्ड तुझ्या हाती येणार, हे ऐकून फार बरं वाटलं. ‘आधी काय शिकू?’ असं तू फोनवर विचारलंस. कमांड तुला येतात, आणि अडलं तर मॅन पेज, म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका, आहेच. मला सांगायचंय ते वेगळं आहे. कुठलाही बदल करण्याआधी, तो फसला तर परत कसं यायचं याची सोय करून ठेव.

हे मला एका रात्रीत कळलं. मी पुण्यात घरी होतो आणि सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये. त्या एका होस्टवर, म्हणजे यजमान सर्व्हरवर, केव्हीएम या सॉफ्टवेअरने अकरा व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालायची आणि त्यांना नेटवर्कशी जोडणारा नवा ब्रिज करायचा होता. ज्या नेटवर्क कार्डावरून मी एसएसएचने (लांबून लॉगिन करायच्या सोयीने) आत आलो होतो, तेच कार्ड ब्रिजला जोडलं. आयपी पत्ता आधी ब्रिजवर न्यायला हवा होता, तो राहिला. एंटर दाबला आणि कर्सर जागीच थिजला. त्या सर्व्हरला रिमोट कन्सोल, म्हणजे नेटवर्क तुटलं तरी लांबून स्क्रीन-कीबोर्ड मिळण्याची सोय, नव्हता. रात्री साडेदहाला गाडी काढली. एक्स्प्रेसवेने पोचून, गेटवर नोंद करून, मॉनिटर-कीबोर्डची ट्रॉली ढकलत रॅकपाशी गेलो तेव्हा एक वाजून गेला होता. दुरुस्तीला दोन मिनिटं लागली. अकरा मशीन मात्र तोवर अडीच तास तुटलेली होती.

तेव्हापासून लांबच्या मशीनच्या नेटवर्कला किंवा फायरवॉलला हात लावायचा असला, की मी आधी ‘शटडाउन -आर +१०’ देतो. दहा मिनिटांनी मशीन आपोआप रीबूट होणार. बदल फक्त चालू सिस्टिमवर करायचा, कॉन्फिग फाइलमध्ये लिहायचा नाही. मी बाहेर फेकला गेलो तरी रीबूटनंतर जुनी सेटिंग परत येते. सगळं नीट चाललं तर ‘शटडाउन -सी’ने रीबूट रद्द करायचा आणि मगच फाइलमध्ये लिहायचं. उबुंटूवर साध्या बदलांना ‘नेटप्लॅन ट्राय’ चालतं: १२० सेकंदांत होकार दिला नाहीस, तर ते जुन्यावर परत जातं. एसएसएचची सेटिंग बदलशील तेव्हा ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपास, सर्व्हिस रीलोड कर आणि जुनी खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघ. आत जाता आलं तरच जुनी बंद कर.

डिस्क भरल्याचा फोन तुला पहिल्या दोन-तीन महिन्यांत येईलच. डिस्क किती भरली ते सांगणारं ‘डीएफ’ १०० टक्के दाखवेल आणि फाइलींचे आकार मोजणाऱ्या ‘डीयू’ची बेरीज निम्म्यावर थांबेल. तेव्हा घाबरून आणखी फाइली उडवू नकोस. बहुतेक वेळा कुणीतरी मोठी लॉग फाइल ‘आरएम’ने (फाइल पुसायच्या कमांडने) काढलेली असते, पण जी प्रोसेस त्या फाइलमध्ये लिहितेय तिने ती सोडलेली नसते. नाव गेलं तरी जागा अडलेलीच राहते. ‘एलएसओएफ +एल१’ दे. ‘डिलीटेड’ असा शेरा असलेली फाइल आणि तिला धरून बसलेली प्रोसेस, दोन्ही दिसतील. ती सर्व्हिस रीस्टार्ट केलीस की जागा सुटते. चालू लॉग पुढच्या वेळी ‘ट्रंकेट -एस ०’ने रिकामा कर आणि जुने लॉग आपोआप काढणारं लॉगरोटेट लावून टाक. जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ अशी एरर आली, तर ‘डीएफ -आय’ बघ. लाखो बारक्या फाइलींनी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलीमागे एक लागणाऱ्या नोंदी, संपवलेले असतात.

व्हीएमवर अपडेट करण्याआधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती, जरूर घे. काम नीट झालं की एक-दोन दिवसांत तो काढून टाक, कारण स्नॅपशॉटनंतरचे बदल साठवणारी फरकाची फाइल फुगत जाते आणि होस्टची डिस्क भरली की त्यावरची बाकीची मशीनही अडकतात. आणि त्याला बॅकअप समजू नकोस. मूळ डिस्क आणि स्नॅपशॉट एकाच स्टोरेजवर असतात. ते बिघडलं तर दोन्ही गेले.

बॅकअप तपासला नाही तर काय होतं ते बघ. ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या (कोड साठवायची सेवा देणाऱ्या कंपनीच्या) एका इंजिनिअरने, आपण दुय्यम डेटाबेस सर्व्हरवर आहोत असं समजून, मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. बॅकअप शोधायला गेले तर एस३ची (ॲमेझॉनच्या क्लाउड साठवणीची) बकेट रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीचा आणि त्याचा बॅकअप घेणारा पीजीडंप ९.२चा, म्हणून बॅकअप फसत होता. तो फसल्याच्या मेलही डीमार्क या खोटे मेल अडवणाऱ्या नियमामुळे नाकारल्या जात होत्या. कुणीतरी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एलव्हीएम (लिनक्सच्या डिस्क-व्यवस्थेच्या) स्नॅपशॉटने बरंचसं वाचलं, पण त्या सहा तासांतला डेटाबेसमधला मजकूर गेला. कंपनीने हे सगळं स्वतः जाहीर केलं, याचा मला आदर वाटतो.

म्हणून प्रॉडक्शनच्या, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या, मशीनवर प्रॉम्प्ट (कमांड टाइप करायच्या ओळीची सुरुवात) लाल ठेव आणि त्यात होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, ठळक दिसू दे. रात्री उशिरा दोन खिडक्या शेजारी उघड्या असताना डोळ्यांना तेवढाच आधार असतो.

पहिल्या आठवड्यात दुसरं काही जमलं नाही तरी एक व्हीएम निवड, तिचा कालचा बॅकअप रिकाम्या मशीनवर उतरव, ॲप चालू करून बघ आणि एकूण किती वेळ लागला ते मला कळव. अडलं तर एररसकट पाठव, रात्री फोन केलास तरी मी उचलेन.

तुझा,
जुना सहकारी