वाचकांचे प्रश्न : मातीचे बैल, भोवरा आणि धांड्यांची गाडी

प्रश्न : लहानपणी पोळ्याला नाल्याकाठच्या मातीचे, चाकं लावलेले बैल करायचो. आता नातवंडांसाठी शेतातल्या मातीचे करतो, तर पाय तडकतात, शिंगं गळतात. काय चुकतं? (वाचक, अमळनेर)

उत्तर : तुमचा हात चुकत नाही, माती बदलली आहे. आपली काळी कपाशीची जमीन ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात त्या यामुळेच. नाल्याकाठच्या गाळात बारीक रेती असते, म्हणून तो कमी तडकतो. गाळ मिळत नसेल तर तीन वाट्या काळ्या मातीत दोन वाट्या चाळलेली बारीक वाळू आणि मूठभर चाळलेली राख घाला. ढेकळं फोडून, खडे काढून माती रात्रभर भिजवा आणि सकाळी कणकेसारखी मळा. मग करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती वाकवा. वर भेगा दिसल्या तर पाणी कमी आहे किंवा वाळू जास्त झाली. माती हाताला चिकटली तर पाणी जास्त.

पाय भक्कम व्हावेत म्हणून आत काडी घालतात, आणि तडा नेमका तिथंच जातो. माती आक्रसते, काडी आक्रसत नाही. धड आणि चारही पाय एकाच गोळ्यातून ओढून काढा. शिंगं आणि वशिंड वेगळे करून जोडायचे असतील तर दोन्ही बाजू काडीने खरवडा, त्याच मातीचा दाट चिखल लावून दाबा आणि सांधा ओल्या बोटाने पुसून घ्या. शिंगं लवकर वाळतात, डोकं ओलंच असतं, म्हणून ती मुळाशी तुटतात. पहिले दोन दिवस शिंगांवर ओलसर फडकं ठेवा. ऊन अजिबात नको, सावलीच हवी. श्रावणातल्या दमट हवेत वीतभर बैल वाळायला आठवडा सहज लागतो, तेव्हा अमावास्येच्या दहा दिवस आधीच कामाला लागा.

चाकाचं भोक आसाच्या काडीच्या दीडपट ठेवा, वाळल्यावर ते लहान होतं. चाकं पाटावर सपाट ठेवून रोज उलटा, नाहीतर वाकतात. गेरू-चुना पूर्ण वाळल्यावरच आणि कमी पाण्यात. कच्ची माती जास्त पाण्याने विरघळते.

प्रश्न : लाकडी भोवरा थरथरतो, जागा धरत नाही. (वाचक, शहादा)

उत्तर : बहुतेक वेळा आर, म्हणजे भोवऱ्याचा खालचा खिळा, वाकडी असते. भोवरा बोटांत फिरवून आरीचं टोक पाहा. ते गोल गोल फिरताना दिसलं तर आर काढून नवी बसवा. आधी खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडा, नाहीतर बाभळीचं लाकूडही चिरतं. खिळा ठोकला की डोकं कापून टोक कानशीने गुळगुळीत, गोलसर करा. बाहेर एक सेंटिमीटर पुरे. आर लांब असली की भोवरा लवकर कलतो.

प्रश्न : ज्वारीच्या धांड्यांची बैलगाडी दोन दिवसांत खिळखिळी होते. (वाचक, चोपडा)

उत्तर : धांडे ओले असणार. भेंड, म्हणजे धांड्याच्या आतला मऊ गाभा, वाळून आक्रसलं की त्यात खोचलेल्या सालीच्या काड्या सैल पडतात. दादरच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडब्यातले पूर्ण वाळलेले धांडे घ्या. साल सोलताना तुटत असेल तर तेवढीच थोडी ओली करा, आणि काडी खोचण्याआधी भेंडाला दाभणाने भोक पाडून घ्या.