विट्यात बसून दुभाष्याचं काम : खोली बांधण्याआधी

विट्याहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा वीस वर्षं तमिळनाडूतल्या सेलमला होता. मुलगी तिथेच जन्मली, दहावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकली, मग सगळे गावी परतले. आता ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑनलाइन बैठकांमध्ये तमिळ, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी दुभाषी म्हणून घरूनच काम करायचं म्हणते. माडीवरची खोली साउंडप्रूफ करायला सुतारानं सव्वा लाख सांगितले आहेत. वडील विचारतात, हा खर्च करू का, आणि यात पोट भरतं का? जाता जाता त्यांनी लिहिलं आहे, ‘तमिळ फडाफडा बोलते, पण वाचताना अडखळते.’

नमस्कार,

सुताराला तूर्त थांबायला सांगा. मुलीचा विचार मला मनापासून आवडला. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली माणसं गलाईच्या निमित्तानं देशभर पसरली आणि त्यांची मुलं तिथल्या भाषा खेळता खेळता शिकली. मराठी आणि तमिळ दोन्ही कानात मुरलेलं माणूस सहजी सापडत नाही. ही तिची खरी पुंजी आहे.

पण तुमच्या पत्रातलं ते अडखळण्याचं वाक्य मी दोनदा वाचलं. पेठेतली तमिळ आणि व्यासपीठावरची तमिळ यांत फार अंतर असतं. ‘ते येतात’ हे बोलताना ‘अवंग वरांग’, आणि भाषणात ‘अवर्गळ् वरुगिऱार्गळ्’. बैठकीत एखादा अधिकारी लिहून आणलेलं भाषण वाचायला लागला की घरची तमिळ अपुरी पडते. त्यामुळे पहिला खर्च लिपी आणि प्रमाण भाषा शिकण्यावर करा. चेन्नईच्या तमिळ व्हर्च्युअल अकॅडमीचे अभ्यासक्रम ऑनलाइन आहेत. रोज एक तमिळ अग्रलेख मोठ्यानं वाचायचा, हेही तिला लावून द्या.

आता खोलीचं. दुभाषी ऐकता ऐकताच बोलत असतो, म्हणून त्याच्या कानात येणारा आवाज स्वच्छ लागतो. आवाज किती जाड की बारीक, ते हर्ट्झमध्ये मोजतात. साध्या फोन कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्‌झ एवढाच आवाज पोचतो. ‘स’ आणि ‘फ’मधला फरक बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर नाव सांगताना आपण अक्षरं फोडून सांगतो. परिषदेतल्या दुभाष्यांच्या उपकरणांसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक 125 ते 15,000 हर्ट्‌झ मागतं. म्हणून वायरचा, यूएसबीचा, दोन्ही कान झाकणारा चांगला हेडसेट घ्या. ब्लूटूथ नको. माइक चालू झाला की त्यातला आवाज बहुधा खालावतो, शिवाय तो उशिरा पोचतो. आणि आवाज बेतानं ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. तासन्‌तास मोठ्या आवाजात ऐकून कान गेले तर धंदाच गेला.

इंटरनेट वायफायवर नको, राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅनची केबल ओढा. दुसऱ्या कंपनीचं सिम फोनमध्ये तयार ठेवा. विजेचं मात्र नीट ऐका. सांगलीत विश्रामबागला माझ्या ओळखीच्या एक बाई हे काम करतात. त्यांचं काम बघायला मी एकदा मागे बसलो होतो. पंखा बंद, टेबलावर पाण्याचा तांब्या, कागदावर फक्त आकडे आणि नावं लिहिणं चाललेलं. लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पण राउटरची पिन इन्व्हर्टरच्या बोर्डावर नव्हती. राउटर बंद! त्या फोनच्या हॉटस्पॉटवरून परत जोडायला लागल्या, तिकडे तीस माणसं क्षणभर मुकाट बसली होती. राउटरचा छोटा यूपीएस मिळतो, तो सुताराच्या कामाच्या किती तरी आधी घ्या.

त्या दिवशी बैठक सावरली ती त्यांच्या जोडीच्या दुसऱ्या दुभाष्यामुळे, त्यानं लगेच पुढचं बोलणं उचललं. दोघं आळीपाळीनं, साधारण वीस ते तीस मिनिटांनी बदलत होते. ज्याची पाळी नसते तो आकडे चॅटवर टाकतो, अडलेला शब्द पुरवतो. एकटीनं दोन तासांची बैठक घे म्हणणारा भेटला तर तिनं नाही म्हणावं. झूममध्ये यजमान दुभाष्याला आधी नेमून देतो, मग तिच्या पडद्यावर भाषांची बटणं येतात. पाळी बदलताना चुकीचं बटण दाबलेलं राहिलं तर तमिळ ऐकणाऱ्याच्या कानात मराठी जाते. हे हातात बसवायला तिनं मैत्रिणींबरोबर खोट्या बैठका घ्याव्यात.

खोली शांत हवी हे खरंच. विट्यात शेजारी यंत्रमाग असतील तर माडीपेक्षा मागची, बंद खिडकीची खोली बरी. वर पत्रा असेल तर पावसाळ्यात माडीचं नावच नको. गोधड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललं तरी घुमणारा आवाज बराच कमी होतो. वर्षभर काम मिळत राहिलं की सुताराला बोलवा.

पोट भरण्याचं विचारलंत. लगेच नाही भरत. काम सलग नसतं, एका आठवड्यात तीन बैठका आणि पुढे महिनाभर काही नाही, असं होतं. पहिली दोन-तीन वर्षं लेखी अनुवाद किंवा नोकरी जोडीला हवीच. कंपन्यांची प्रशिक्षणं, स्वयंसेवी संस्थांच्या आंतरराज्य बैठका इथून सुरुवात होते. संसदेतही दुभाषी असतात, तिथे मराठी आणि तमिळ दोन्हींचं भाषांतर होतं. लोकसभा सचिवालयाच्या भरतीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. मशिनचं भाषांतर सुधारतंय, हेही तिच्यापासून लपवू नका. म्हणूनच प्रमाण तमिळचा आग्रह धरतोय, कारण कच्च्या दुभाष्याची जागा मशिन आधी घेईल.

तुम्हाला एक काम सांगतो. पंतप्रधानांची ‘मन की बात’ हिंदीत असते आणि आकाशवाणी ती तमिळ, मराठीतही देते. मुलीला मूळ हिंदी ऐकता ऐकता तमिळमध्ये बोलायला सांगा, वीस मिनिटं, फोनवर रेकॉर्ड करून. मग आकाशवाणीचं तमिळ तिच्या शेजारी लावा. तिची किती वाक्यं पूर्ण होतात, किती अर्ध्यात सुटतात, आकडे बरोबर येतात का, हे तुम्ही स्वतः ऐका. वीस वर्षं सेलमच्या गिऱ्हाइकांशी बोललात, तुमचा कान तयार आहे. दर महिन्याचं एक रेकॉर्डिंग तारीख घालून जपून ठेवा आणि सहावं झालं की पहिलं आणि सहावं दोन्ही घेऊन सांगलीला या.