कमी खर्चात श्रीलंका: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

स्वतःच्या बळावर, मोजक्या पैशांत श्रीलंका फिरू पाहणाऱ्या वाचकांच्या निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत.

प्रश्न: आम्ही नवरा-बायको आणि बारा वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस जायचे आहे. टूर कंपनीने सांगितलेला आकडा झेपणारा नाही. स्वतः गेलो तर पैसे नेमके कुठे वाचतील? (नाशिक)

श्रीलंकेत राहणे आणि साधे जेवण महाग नाही. खिसा रिकामा होतो तो तीन गोष्टींनी: चालकासह घेतलेली गाडी, प्रेक्षणीय स्थळांची तिकिटे आणि जंगल सफारी. म्हणून आधी मुक्काम कमी करा. आठ दिवसांत सात ठिकाणे बसवली की गाडी घ्यावीच लागते. चार ठिकाणे ठेवली तर बस आणि रेल्वेवर भागते. कँडीत दोन रात्री, एलाला दोन, दक्षिण किनाऱ्यावर मिरिस्सा किंवा गॅलेला दोन आणि शेवटची रात्र नेगोंबोला, एवढे पुरे.

शेवटची रात्र कोलंबोऐवजी नेगोंबोला, कारण विमानतळ कोलंबो शहरात नाही. तो उत्तरेला तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे आणि तिथून नेगोंबो फार जवळ पडते. विमान रात्री उतरत असेल तर पहिली रात्रही तिथेच काढा. दिवसा उतरलात तर १८७ क्रमांकाची बस कोलंबोत नेते.

खोली घेताना घरगुती गेस्टहाउसमधली पंख्याची खोली मागा. एसीची खोली बरीच महाग असते आणि एला किंवा नुवारा एलियासारख्या उंचावरच्या गावांत एसी लागतही नाही. पहिल्या दोन रात्री आधी बुक करा. पुढच्या मुक्कामाला गेस्टहाउसला थेट फोन करून भाव विचारला तर बऱ्याचदा कमी पडतो. फोनवर चार गोष्टी विचारा: मच्छरदाणी आहे का, गरम पाणी आहे का, नाश्ता धरला आहे का आणि बसथांब्यापासून किती चालावे लागेल. चौथा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मग खोलीत वाचलेले पैसे रोज रिक्षात जातात.

लाल बस सरकारी, बाकीच्या खासगी. पुढच्या एक-दोन सीट भिक्खूंसाठी राखीव असतात. तिथे बसलात तर भिक्खू चढल्यावर उठावे लागते. टपावर सामान ठेवायची सोय नसते. सॅक चालकाशेजारी किंवा मागच्या दारापाशी ठेवतात. सीटवर ठेवली तर त्या सीटचे भाडे मागतात, आणि ते रास्त आहे. एलाहून किनाऱ्याकडे थेट बस मोजक्याच. ती चुकली तर बसने खाली वेल्लवायापर्यंत जा आणि तिथे दुसरी बस पकडा.

प्रश्न: कँडी ते एला रेल्वेचे आरक्षण मिळत नाही. एजंट दुप्पट-तिप्पट पैसे मागतात. द्यावेत का? (पुणे)

देऊ नका. आरक्षण प्रवासाच्या तीस दिवस आधी उघडते आणि गाजलेल्या गाड्यांचे लगेच संपते, हे खरे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाची अनारक्षित तिकिटे त्याच दिवशी खिडकीवर मिळतात आणि अगदी स्वस्त असतात. तिकीट मिळेलच, अडचण बसायला जागा मिळण्याची आहे. गाडी कोलंबो फोर्टहून निघते आणि कँडीला येईतो भरलेली असते. तिथे चढणाऱ्याला सहा-सात तास उभे राहायची वेळ येते.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, कोलंबो फोर्टलाच सकाळच्या गाडीत बसायचे. दुसरा, उलट दिशेने यायचे: आधी किनारा, मग एला, मग कँडी. त्या दिशेला गर्दी कमी असते. तिसरा आम्हाला सगळ्यांत पटतो. कँडीहून नुवारा एलियापर्यंत बसने जा, रात्र तिथे काढा आणि दुसऱ्या दिवशी नानु ओया स्थानकातून एलाची गाडी धरा. नुवारा एलियाचे स्थानक गावात नाही, ते आठेक किलोमीटरवर नानु ओयाला आहे, हे ध्यानात ठेवून निघा. चहाचे मळे, ढगांत शिरणारे बोगदे, पट्टिपोलाचा घाटमाथा, सगळे या तीनेक तासांच्या टप्प्यात येते.

पहिल्या वर्गाच्या एसी डब्याचा हट्ट नको. त्याच्या काचा बंद असतात. साध्या डब्यात खिडकी उघडून बसता येते. दारात लटकून फोटो मात्र काढू नका. बोगदे आणि झाडी डब्याला अगदी लगटून आहेत आणि अपघात झालेले आहेत. तिकीट उतरेपर्यंत जपून ठेवा, ते बाहेर पडताना मागतात.

नोव्हेंबर २०२५ मधल्या ‘दित्वा’ चक्रीवादळाने या डोंगरी मार्गाचे मोठे नुकसान केले. त्यामुळे गाडी सध्या कुठपासून कुठपर्यंत धावते हे निघण्यापूर्वी विचारा आणि राहिलेला टप्पा बसने करायची तयारी ठेवा.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. मासे नसलेले जेवण मिळेल का, की सगळे घरून न्यावे? (सांगली)

पोटभर मिळेल, फक्त एक पदार्थ ओळखायला शिका: उंबलकड. हा सुकवून कडक केलेला टुना मासा. त्याचा चुरा पोल संबोलात, म्हणजे ओले खोबरे, लाल मिरची, कांदा आणि लिंबाच्या चटणीत, सर्रास घालतात. पुष्कळदा तो पालेभाजीच्या मल्लुममध्ये आणि एखाद्या भाजीतही असतो. दिसायला तपकिरी भुसा, त्यामुळे खोबऱ्यात लपून जातो. मागवताना ‘मस् एपा, मालु एपा, उंबलकड एपा’ असे सांगा: मांस नको, मासे नको, उंबलकड नको. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की अनेकदा भाजीच वाढतात, पण चुरा त्यात असतोच.

दुपारचे भात-कढी, म्हणजे ‘राइस अँड करी’, हे सगळ्यांत स्वस्त आणि सकस जेवण. भाताभोवती नारळाच्या दुधातली मसूर डाळ (परिप्पु), बीट, फरसबी, कच्च्या फणसाची ‘पोलोस’ अशा तीन-चार भाज्या येतात. पार्सल घेतले तर भात इतका असतो की लहान भूक असलेल्या दोघांना एक पुरते. साडेअकरा ते दोन ही वेळ पाळा. नंतर भाज्या संपतात किंवा सकाळपासूनच्या उरलेल्या मिळतात. ‘आप्प’ म्हणजे आपले आप्पे नव्हेत, ते वाटीच्या आकाराचे पातळ धिरडे; मिळते बहुधा संध्याकाळी. कोत्तु (तव्यावर परतलेले रोटीचे तुकडे) मागवाल तर अंडे नको हे वेगळे सांगा, कारण भाज्यांच्या कोत्तुतही अंडे घालतात.

तमिळ वस्तीत ‘सैवा’ पाटीची शुद्ध शाकाहारी हॉटेले असतात. जाफना, त्रिंकोमली, कोलंबोतले वेल्लवत्ते इथे ती सहज सापडतात. इडली, तोसै, वडे मिळतात. चहाच्या दुकानात न मागता रोल आणि पॅटिसची थाळी समोर ठेवली तर गोंधळू नका, खाल्लेल्या नगांचेच पैसे घेतात. पण बाहेरून मासळीचा आणि भाजीचा रोल सारखाच दिसतो. विचारूनच उचला.

कांदा-लसूणही वर्ज्य असेल तर मात्र थेपले, खाकरे, मेतकूट आणि छोटी विजेची किटली बरोबर न्या. किटलीसाठी अडॅप्टर हवाच, कारण अनेक ठिकाणी चौकोनी पिनांचे सॉकेट असतात.

प्रश्न: सिगिरियाच्या कातळावरच्या किल्ल्याचे तिकीट फार आहे. समोरच्या पिदुरंगलाच्या खडकावर चढले तर चालेल का? (ठाणे)

भारतीयांना सिगिरियाला पूर्ण परदेशी दर पडत नाही. सार्क देशांच्या नागरिकांना सिगिरिया, पोलोन्नरुवा आणि अनुराधपुर इथे सवलतीचा दर आहे. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो, म्हणून तो खोलीत ठेवून येऊ नका. सवलतीचा दरही तसा कमी नाही.

तरी पैसे असतील तर सिगिरिया सोडू नका. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाच्या पाण्याच्या बागा, कड्याच्या पोटातली रंगीत भित्तिचित्रे, सिंहाचे दगडी पंजे, हे पिदुरंगलावर नाही. अजिंठा पाहिलेल्या माणसाला ती चित्रे विशेष भावतील. सुमारे १२०० पायऱ्या आहेत, पण वाट बांधलेली आहे. दार उघडताच चढा; नऊनंतर लोखंडी जिन्यावर रांग लागते आणि कातळ तापतो.

पिदुरंगलाचे तिकीट किरकोळ आहे, आणि सिगिरियाचा अखंड कातळ नजरेत भरतो तो तिथूनच. पण शेवटचा टप्पा मोठमोठ्या दगडांवरून हातापायांवर चढण्याचा आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि पावसात कोणीच जाऊ नये. वाट देवळातून जाते, तेव्हा खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

प्रश्न: शाळेची सुट्टी मे-जूनमध्ये. तिथेही पाऊसच ना? (चिपळूण)

अर्ध्या देशात. नैऋत्य मान्सून मेपासून सप्टेंबरपर्यंत पश्चिम आणि दक्षिण किनारा व डोंगराचा पश्चिम उतार भिजवतो. त्याच काळात पूर्व किनारा कोरडा असतो आणि समुद्र शांत. मे-जूनला त्रिंकोमली, पासिकुडा, अरुगम बे धरा. मिरिस्सा, उनावटुना तेव्हा स्वस्त मिळतात, पण समुद्र खवळलेला असतो. तिथे पोहायला उतरू नका. दिवाळीत वेगळेच चित्र: सकाळ स्वच्छ आणि दुपारी विजांसह पाऊस, म्हणून बाहेरची कामे एकच्या आत उरका. एप्रिलच्या १३-१४ तारखांना त्यांचे नववर्ष असते. दुकाने बंद आणि बस तुडुंब, तेव्हा प्रवासाचा दिवस त्यावर येऊ देऊ नका.

प्रश्न: यूपीआय चालते का? आणि व्हिसाला किती लागतात? (नागपूर)

फेब्रुवारी २०२४ पासून लंकाक्यूआर, म्हणजे तिथला पैसे देण्याचा क्यूआर कोड, असलेल्या दुकानांत चालते. निघण्यापूर्वी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय सुरू करून घ्या. बस, रेल्वेची खिडकी आणि भात-कढीचे दुकान यांसाठी रोख लागतेच, तेही सुटे पैसे. जवळ डॉलर न्या, भारतीय नोटांना दर कमी मिळतो.

व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी, काढावी लागते. भारतीयांसाठीचे शुल्क गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, म्हणून ते त्या आठवड्यातच सरकारी संकेतस्थळावर पाहा. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट एलके’ने संपतो. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळे वरचे पैसे लावतात.

प्रश्न: तमिळनाडूतल्या नागपट्टिनमहून बोटीने गेलो तर स्वस्त पडेल का? (सोलापूर)

ही बोट कांकेसंतुरैला, म्हणजे जाफन्याजवळ नेते. ती ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली, पण ईशान्य मान्सूनच्या सुमारास समुद्र बिघडला की बंद ठेवतात. जाफना पाहायचा असेल आणि हाताशी दोन आठवडे असतील तरच विचार करा. आठ दिवसांची रजा असेल तर सोलापूर ते नागपट्टिनम जाण्या-येण्यातच सुट्टी संपेल.

प्रश्न: सात किलोंच्या सॅकमध्ये दहा दिवसांचे कपडे कसे बसवू? (कोल्हापूर, विद्यार्थी)

तीन जोड, रोज धुवायचे. जीन्स नको, त्या दमट हवेत ती दोन दिवस वाळत नाही आणि कुबट वास धरते. पातळ, कृत्रिम धाग्याचे कपडे घ्या. पिळलेला शर्ट कोरड्या टॉवेलवर पसरा, दोन्हींची एकत्र घट्ट गुंडाळी करा आणि तिच्यावर गुडघा दाबा. पाणी टॉवेलमध्ये उतरते. मग पंख्याखाली टांगला तर सकाळी घालता येतो. नुवारा एलिया १८६८ मीटरवर आहे. तिथे कपडे वाळत नाहीत आणि रात्री स्वेटर लागतो. म्हणून धुणे खाली कँडीतच उरकून वर चढा.

सॅकमध्ये डास पळवणारे मलम हवे, कारण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. मलेरिया मात्र देशातून गेला आहे. तसे प्रमाणपत्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच दिले. जुलाब झाले तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट प्या. चमचा चहाचाच घ्या आणि मिठाचे माप वाढवू नका.