हळू गाणाऱ्याची ओळख करून देताना

नागपूर

प्रिय पोरी,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला वाचला. फुटाळा तलावावर तुम्ही सातजण बसला होतात, तू मोठ्या हौसेने सिबिल बायर या गायिकेची गाणी लावलीस आणि पहिलं गाणं अर्ध्यावर असतानाच कोणीतरी म्हणालं, "काय बे हे, झोप येऊन राहिली ना!" मग गाणं बदललं. तू लिहिलंस, "काका, मला वाटलं माझंच बोलणं कोणी मध्ये तोडलं." ते वाचलं आणि उठून दिवा लावला. याचं उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही.

आधी तुझ्या मित्रांविषयी. ते वाईट नाहीत, अडाणीही नाहीत. त्यांना गाणं ऐकूच आलं नाही. मी बत्तीस वर्षं साउंडचं काम केलं, त्यामुळे हे खात्रीने सांगतो. संध्याकाळी फुटाळ्याच्या काठावर गाड्यांचे हॉर्न, कणसं भाजणाऱ्यांची हाक, शेजारच्या घोळक्याचा हशा, आणि या सगळ्यात तुझा तळहाताएवढा ब्लूटूथ स्पीकर. गिटारच्या जाड तारांचा खर्ज त्या स्पीकरमधून निघतच नाही. आणि ही बाई गाते बोलण्याहूनही हळू. जवळपासच्या पट्टीतला मोठा आवाज लहान आवाजाला झाकून टाकतो, हा कानाचा स्वभाव आहे. आधी श्वास बुडतो, मग तारेवरून सरकणारं बोट, मग शब्दांची शेवटची अक्षरं. त्यांच्यापर्यंत पोचला तो नुसता संथपणा. नुसत्या संथपणाने मलाही झोप येईल.

तू स्वतः ते कसं ऐकलंस, आठव. मे महिना होता. माझ्या दुकानात तू हेडफोनची तुटलेली वायर सोल्डर केलीस. जोड पक्का झाला की नाही हे पाहायला मी नेहमी तीच गाणी लावतो, कारण जोड कच्चा असेल तर बारीक खरखर शांत गाण्यातच पकडता येते. नेमकी तेव्हा लाइन गेली आणि दुपारभर घरघरणारा कूलर थांबला. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. तू "डावा, उजवा, दोन्ही ठीक आहेत" म्हणालीस, पण हेडफोन काही काढला नाहीस. लाइन आली तेव्हा मी उठून कूलरचं बटण बंद केलं, हे तुला कळलंही नाही. त्या दिवशी तुला गाणं भेटलं, ते अशा जागी.

तिची गोष्ट मी तुला तेव्हा अर्धीच सांगितली होती. आता पुरी ऐक.

जर्मनीत राहणारी ही बाई तरुणपणी एका काळात मनाने पार खचली होती. एका मैत्रिणीने तिला अंथरुणातून ओढून बाहेर काढलं आणि आल्प्स ओलांडून थेट इटलीतल्या जेनोव्हापर्यंत फिरवून आणलं. घरी परतल्यावर तिने आपलं पहिलं गाणं लिहिलं. पुढे 1970 ते 1973 या काळात घरीच, रिळाच्या टेपरेकॉर्डरवर, ती अशी गाणी भरत गेली. गिटार आणि गळा, बहुतेक गाण्यांत एवढंच. 1974 साली विम वेंडर्सच्या एका चित्रपटात ती थोडा वेळ दिसते. पण ना सिनेमाचा मार्ग तिने धरला, ना गाण्याचा. मुलं, संसार, नंतर अमेरिकेत स्थायिक होणं. टेपा तीस वर्षं तशाच राहिल्या.

मग तिच्या मुलाने, रॉबीने, त्या टेपांवरून एक सीडी केली. कशासाठी? घरच्यांना द्यायला. त्यातली एक प्रत त्याने जे मॅसिसला दिली. हा डायनासोर ज्युनिअर या बँडचा गिटारवाला, आणि तो बँड कानठळ्या बसवणाऱ्या आवाजासाठी प्रसिद्ध. एवढा मोठा आवाज करणाऱ्या माणसाने इतकी हळू गाणी ऐकली आणि अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावात असलेल्या ऑरेंज ट्विन नावाच्या छोट्या कंपनीकडे पोचवली. 2006 साली ‘कलर ग्रीन’ नावाने चौदा गाणी बाहेर आली. (कंपनीच्या नावात संत्रं आहे हे ऐकून तू टाळी वाजवली होतीस. नागपूरच्या पोरीला तेवढा हक्क आहेच.)

आता यातले हात मोज. मैत्रिणीने एकीला उठवलं. मुलाने एक प्रत एकाच्या हातात ठेवली. त्याने ती पुढे एका ठिकाणी दिली. सात जणांच्या घोळक्यात स्पीकर लावून यातलं काही झालं नाही. देणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, आपण कोणाला देतोय.

तू जे फुटाळ्यावर केलंस, ते मी आठशे लोकांसमोर केलं आहे. 1997 ची गोष्ट. निक ड्रेक या इंग्लिश गायकाचा 1972 साली आलेला शेवटचा अल्बम मला कोणीतरी कॅसेटवर उतरवून दिला होता, वर बॉलपेनने फक्त नाव लिहिलेलं. लंडनच्या स्टुडिओत दोन रात्रींत भरलेली ती गाणी. तेव्हा सोबत जॉन वुड हा एकच इंजिनिअर. गिटार, गळा आणि एका गाण्यात थोडा पियानो. अल्बम आला तेव्हा फार थोड्यांनी घेतला आणि 1974 मध्ये तो मुलगा सव्विसाव्या वर्षी गेला. मी भारावून गेलो होतो. इतका, की शहरातल्या एका मोठ्या हॉलमध्ये सुगम संगीताच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात मी ती कॅसेट लावली. मला वाटलं, एवढी गाण्याची जाणकार मंडळी, सगळी थबकतील. लोक चहाला उठले. खुर्च्यांचा खडखडाट, लहान मुलं, गप्पा. मी आवाजाची सरकपट्टी, फेडर, वर नेला तशी टेपची हिस, म्हणजे मागची सततची सूं सूंही वर आली. आयोजक धावत आले, "माइक बिघडला का हो? कसला आवाज येतोय?" मी कॅसेट काढली. छातीत काहीतरी घट्ट झालं होतं. त्या रात्री ठरवलं, हे आता कोणालाच ऐकवायचं नाही.

कार्यक्रम संपला, सामान टेम्पोत चढलं. केबल गुंडाळणारा मुलगा माझ्याबरोबर असायचा, उमरेडकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा. तो म्हणाला, "दादा, मघा तुम्ही लावलं होतं ते काय होतं?" तो मिक्सरच्या बाजूलाच, माझ्या मॉनिटर स्पीकरपासून दीड हातावर बसला होता. आठशे माणसांत त्याला एकट्याला ते ऐकू आलं होतं. रात्री एक वाजता आम्ही सीताबर्डीत टेम्पो बंद करून, काचा वर करून, टेपवर ती बाजू पूर्ण ऐकली. त्याला इंग्रजी येत नव्हतं. बाजू संपल्यावर तो म्हणाला, "हा माणूस कोणाला ऐकवायला नाही गाऊन राहिला." यापेक्षा चांगलं मी त्या गाण्यांविषयी आजवर काही ऐकलेलं नाही.

त्याचं वाक्य बरीच वर्षं डोक्यात होतं. मग एकदा काटोलकडच्या एका घरी पहाटे जाग आली ती जात्याच्या आवाजाने. म्हातारी दळत होती आणि ओवी म्हणत होती. समोर कोणी नाही. जात्याची घरघर सारखी खाली चालू आणि तिच्यावर तरंगणारा, स्वतःपुरता, हळू आवाज. सिबिलने घरी केलेल्या त्या टेपांतही अगदी असंच आहे: खाली हिस, वर गळा. तुझ्या मित्रांना परकं वाटलं ते आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ‘परी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी त्या बायकांच्याच आवाजात आहेत. अवश्य ऐक.

मग आता काय करायचं, असं तू विचारशील. लिंक पाठवू नकोस. लिंक शंभर लिंकांत जाऊन पडते आणि ऐकणाऱ्यावर एक उधारी चढते, की ऐकून मत द्यायचं आहे. त्या सातांपैकी एकीला निवड. तू सांगितलं होतंस, एक जण बसमध्ये खिडकीशी बसते आणि कोणाशी बोलत नाही. बघ, तीच असेल कदाचित. तुझा हेडफोन दे, एकच गाणं दे, दोन-अडीच मिनिटांचं. गाण्याआधी बाईचं चरित्र सांगू नकोस. ती ऐकत असताना तिच्या तोंडाकडे पाहत बसू नकोस, माणूस अवघडतो. आणि तिने हेडफोन परत देत नुसतं "छान आहे" म्हटलं, तर "हो" म्हण आणि दुसरा विषय काढ. तुझं गाणं त्याने कमी होत नाही. केबल गुंडाळणारा तो मुलगाही पहिल्या दिवशी एवढं एकच वाक्य बोलला. दुसरं बोलायला त्याने महिना घेतला.

स्वतःही ऐकत राहा, एवढं मात्र विसरू नकोस. सांगायच्या घाईत आपलं ऐकणं राहून जातं. माझं दोन वर्षं राहिलं होतं. आता थंडी पडतेय, कूलर माळ्यावर गेलेत, रात्री नऊनंतर गल्ल्या शांत असतात. नागपुरात अशी गाणी ऐकायला हेच तीन महिने खरे.

आणखी एक. तुझी आजी ओव्या म्हणते, हे तू मला बोलता बोलता सांगून गेलीस. या सुट्टीत गावी जाशील तेव्हा फोन एअरप्लेन मोडवर टाक, तिच्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेव आणि पंखा बंद कर. "गा" म्हणू नकोस, नुसती कामात हात लाव. मध्ये भांडं पडलं, कोंबडा आरवला, तर थांबवू नकोस, ते राहू दे. परत आलीस की एक प्रत माझ्यासाठी आण. तुझ्या हेडफोनचा उजवा कान पुन्हा कुरकुरतोय म्हणालीस, तोही आण. रविवारी दुकान बंद असतं, मागच्या दाराने ये.

तुझा,
काका