दुबईत कार्डाने पैसे देताना रुपये निवडावेत की दिरहम?

खानापूरहून मुलाकडे दुबईला निघालेल्या आपल्यासारख्यांनी यंत्रावर दिरहमच निवडावा. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो खरा, परंतु तो दर आपली बँक नव्हे, तर दुकानदाराकडील रूपांतर सेवा ठरवते आणि तिचा नफा त्यात आधीच मिसळलेला असतो. शिवाय व्यवहार परदेशातला म्हणून आपल्याकडील अनेक बँका त्यावर वेगळे शुल्क आकारतात ते निराळेच. माझ्या पावतीवर असेच रुपये छापून आले होते, पण पिन मीच दाबलेला असल्याने बेळगावच्या शाखेतून काही परत मिळाले नाही. पिन दाबण्यापूर्वी पडद्यावरील चलन वाचावे. रुपये दिसल्यास व्यवहार रद्द करून पुन्हा करण्यास सांगावे. एटीएमवरही रूपांतर नाकारावे, रोख तरीही मिळते. दिरहममध्ये बहुतेक कार्डांवर २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो.